बसायची जागा

मराठी बोलण्यात ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाचे ठिकाण असा अर्थ क्वचितच होतो; पैसे देऊन खाण्यापिण्याची जागा हाच त्याचा रूढ अर्थ आहे, आणि या एका शब्दात मुंबई शहराने इतक्या निरनिराळ्या रीतींची दुकाने सामावून घेतली आहेत की, त्यांतला फरक नामापेक्षा क्रियापदावरूनच अधिक नीट कळतो. माणूस खानावळीत ‘जेवायला’ जातो, उडप्याकडे ‘खायला’ जातो आणि इराण्याकडे मात्र ‘बसायला’ जातो. इराण्याकडेही चहा-पाव मिळतोच, तरी तेथे जाण्याचा हेतू सांगताना मुंबईकराच्या तोंडी खाण्याचे क्रियापद सहसा येत नाही, आणि त्याला तसेच कारण आहे. शहरातल्या जुन्या उपाहारगृहांविषयी लिहिताना बहुतेक वेळा पदार्थांची नावे आणि जुन्या चवी यांवरच भर दिला जातो. वास्तविक या उपाहारगृहांनी मुंबईकरांना जे दिले त्यात पदार्थाइतकीच, किंबहुना त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मित्रांबरोबर बसण्याची जागा होती, आणि ती जागा इतक्या स्वस्तात कशी मिळू शकली हे समजून घेतल्याशिवाय तिचे मोल ध्यानात येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या सुरू झाल्या तसे रत्नागिरी, सातारा आणि कोकण व घाटावरच्या इतर भागांतून हजारो पुरुष एकटेच मुंबईत आले. त्यांची बायकामुले गावी असत आणि इथे आठदहा जणांनी, कधी त्याहूनही अधिकांनी, चाळीतला एक गाळा मिळून घेतलेला असे. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक उठला की त्याच जागेवर दुसरा झोपत असे. चूल मांडायला जागा नाही आणि वेळही नाही, अशा स्थितीत गिरणगावातल्या बायकांनी आपल्याच खोलीत रांधून ठरावीक माणसांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालण्याचा व्यवसाय उभा केला. हीच मुंबईची खानावळ. या बायकांना सावकारी कर्जाच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. खानावळीत पंगत एकाच गावची किंवा एकाच खात्यातली असे आणि ओळखी घट्ट होत, हे खरे. पण तेथे बसून राहण्याची सोय नव्हती, कारण पहिली पंगत उठण्याची वाट पाहत दुसरी दारात उभी असे.

मित्रांबरोबर बाहेर खाणे ही गोष्ट आज जितकी सहज वाटते तितकी ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या पंक्तीला बसावे यावर जातीचा कडक पहारा होता. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली, आणि तेथे हजर असलेल्यांची नावे छापून आल्यावर न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. ग्रामण्य म्हणजे जातीच्या नियमाचा भंग केल्याबद्दल जातभाईंनी मांडलेला खटला. त्याचा शेवट प्रायश्चित्तात किंवा बहिष्कारात होत असे. एका कपभर चहापायी एवढे रणकंदन माजणाऱ्या समाजात, पुढच्या एकदोन पिढ्यांतच कारकून, विद्यार्थी, कामगार, पारशी, मुसलमान आणि हिंदू एकाच टेबलाशी बसून एकाच किटलीतला चहा पिऊ लागले, हा बदल केवढा मोठा होता याची कल्पना करता येते. अर्थात तो सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांसाठी वेगळ्या कपबशा ठेवण्याची किंवा त्यांना दाराबाहेरच चहा देण्याची रीत महाराष्ट्रातल्या कितीतरी हॉटेलांत होती. म्हणूनच भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा शब्दशः उल्लेख करून तेथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाला अडवता येणार नाही, असे नमूद करावे लागले. चार मित्र एका टेबलाशी बसतात त्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

मुंबईत हे टेबल मांडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर इराण्यांनी केले. ‘इराणी’ हा शब्द येथे विशिष्ट अर्थाने वापरला जातो. पारशी लोक हजारएक वर्षांपूर्वी इराणातून गुजरातेत आले आणि तिथलेच झाले. इराणी हे त्यांचेच धर्मबांधव, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द व केरमान या भागांतून आलेले झरतुष्ट्री. तिथली गरिबी आणि धर्मावरून होणारा जाच यांना कंटाळून ते निघाले होते. यझ्दकडचे काही शिया मुसलमानही याच वाटेने मुंबईत आले आणि याच धंद्यात शिरले, त्यामुळे ‘इराण्याचे हॉटेल’ म्हणताना मालकाचा धर्म कोणता हे ग्राहकाला बहुधा ठाऊकही नसे. भांडवल थोडे, भाषा परकी, पण कष्टाची तयारी मोठी, अशा या माणसांनी रस्त्यांच्या नाक्यावरचे गाळे धरले. नाक्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, नाक्याचा फायदा उघड होता. दोन बाजूंनी उजेड आणि वारा येई, दोन रस्त्यांवरची माणसे आत डोकावत आणि आत बसलेल्यालाही दोन रस्ते पाहत बसता येई.

आतली मांडणीही ठरलेली होती, आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू काही कारणाने तेथे होती. संगमरवरी माथ्याची टेबले दिसायला श्रीमंती वाटली तरी त्यांचा खरा गुण असा की, सांडलेला चहा एका फडक्याने पुसता येतो आणि दगडावर ना डाग राहतो ना वास. भिंतींवर मोठे आरसे असत. त्यांनी जागा प्रशस्त भासे आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला मान न वळवता मागची टेबले दिसत. काळ्या, वाकवलेल्या लाकडाच्या गोल बैठकीच्या खुर्च्या ही तर या हॉटेलांची खूणच होती. लाकडाला वाफ देऊन ते वाकवण्याची ही पद्धत व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी नावारूपाला आणली. त्यांची 1859 सालची चौदा क्रमांकाची खुर्ची लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यांचीच बनलेली होती, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत असल्यामुळे ती जहाजाने जगभर पोचली. मुंबईच्या इराण्यांकडे याच घडणीच्या खुर्च्या आल्या. त्या मजबूत होत्याच, पण वजनाला इतक्या हलक्या होत्या की एका हाताने उचलून दुसरीकडे नेता येत. गल्ल्याशेजारच्या काचेच्या बरण्यांत खारी, नानकटाई आणि बिस्किटे असत, आणि मागच्या फळ्यांवर साबण, ब्लेड, दंतमंजन अशा घरगुती वस्तूही ठेवलेल्या असत, कारण पुष्कळ इराणी हॉटेलांना जोडून छोटे स्टोअर असे.

या टेबलावर येणारा सर्वांत साधा पदार्थ म्हणजे ब्रून मस्का आणि चहा. ब्रून हा बाहेरून कडक आणि आतून पोकळसर, मऊ असा पाव असतो. भट्टीतून निघाल्यावर त्याचा पापुद्रा इतका कुरकुरीत असतो की सुरी लावताच चुरा उडतो. तो आडवा चिरून दोन्ही अंगांना लोणी लावतात, मागणी असेल तर वरून साखर भुरभुरतात, मग दोन्ही भाग पुन्हा एकमेकांवर ठेवून त्यांचे तुकडे करतात. चहात बुडवला की वरचा पापुद्रा थोडा नरमतो, पण मोडत नाही. लोणी विरघळून चहावर पिवळे ठिपके तरंगू लागतात, आणि शेवटचा घोट गोड, खारट आणि तुपकट असा तिहेरी चवीचा लागतो. चहाही ‘पानी कम’ मागवला तर दुधाचा, दाट आणि जोरकस येतो. या पदार्थांत पाककौशल्याचा डामडौल नाही, आणि ते घाईने खाताही येत नाहीत. कडक ब्रून सावकाश चावावा लागतो, चहा पुन्हा मागवावा लागतो आणि तेवढ्या वेळात बोलणे आपोआप लांबते.

बोलणे इतके लांबले तरी मालकाला परवडत कसे असेल, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे आणि त्याचे उत्तर बहुतांशी भाड्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागांची टंचाई झाली आणि भाड्यांवर नियंत्रण आले. पुढे 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे 1 सप्टेंबर 1940 रोजीच्या भाड्याशी बांधून टाकले. हा कायदा राहत्या घरांप्रमाणेच दुकानांनाही लागू होता. त्यामुळे 1940 पूर्वी नाक्यावरचा गाळा घेतलेल्या इराण्याचे भाडे पुढची अनेक दशके जवळपास तेथेच राहिले, आजूबाजूच्या जागेचे भाव आभाळाला भिडले तरी. जागा सोडताना नव्या भाडेकरूकडून एकरकमी ‘पागडी’ घेण्याची आणि तिच्यातला वाटा घरमालकाला देण्याची प्रथाही याच कायद्याच्या छायेत वाढली. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण बहुतांशी कायम ठेवले. याचा परिणाम असा की, ज्या टेबलावर तासाला चार वेळा ग्राहक बदलायला हवेत असे नव्या उपाहारगृहाचा हिशेब सांगतो, त्या टेबलावर जुन्या इराण्याला एका चहावर तासभर बसलेला माणूस चालत असे. घरमालकांच्या दृष्टीने हा कायदा अन्यायाचा होता आणि इमारतींच्या दुरवस्थेलाही तो कारणीभूत झाला, हे नाकारता येत नाही. पण मुंबईतल्या मैत्रीवर त्याने केलेले उपकार सहसा कोणी मोजत नाही.

टेबलाशी लांबणाऱ्या या बोलण्याचे दुसरे कारण घराच्या आकारात होते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सात माणसे राहत असताना मित्राला घरी बोलावून निवांत बोलणे शक्य नव्हते. वडील खाटेवर, धाकटा अभ्यासाला, आई ओट्याशी, आणि शेजारी दारात. ज्या वाड्यांतून आणि गावांतून ही कुटुंबे आली तेथे ओटी होती, पार होता. चाळीत फार तर गॅलरी होती. नोकरीचा पहिला पगार, फसलेले लग्न, युनियनची बैठक, नाटकाचे वाचन, या सगळ्यांसाठी मग इराण्याचे टेबल उपयोगी पडले. मालक बोलण्यात लक्ष घालत नसे आणि पोऱ्याला, म्हणजे टेबल पुसून पाणी आणून ठेवणाऱ्या मुलाला, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या सवयी तोंडपाठ असत. ग्राहक उठून गल्ल्याकडे निघाला की वेटर मागूनच त्याच्या बिलाचा आकडा मालकाला ओरडून सांगे.

नियम अर्थातच होते. धोबीतलावच्या बास्तानी या हॉटेलातल्या सूचनांची पाटी इतकी लांबलचक होती की निस्सीम इझिकेल या मुंबईच्या इंग्रजी कवीने तिच्यावरूनच एक कविता रचली. केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका, पाय खुर्चीवर ठेवू नका अशा धर्तीच्या या सूचना अनेक इराण्यांकडे असत. त्या वाचून कोणी फारसे बदलले असे दिसत नाही, पण सर्व तऱ्हेच्या माणसांना आत घेणाऱ्या जागेला आपली शिस्त भिंतीवर लिहून ठेवावी लागते, एवढे त्यावरून समजते.

लेखकांनी या टेबलांचा किती उपयोग केला याचे सर्वांत लखलखीत उदाहरण कवी अरुण कोलटकरांचे आहे. काळा घोडा परिसरातल्या ‘वेसाइड इन’ या जुन्या उपाहारगृहात ते वर्षानुवर्षे गुरुवारी दुपारी मित्रांसह बसत. खिडकीबाहेरच्या त्या तिकोनी चौकात झाडूवाल्या बायका, भटकी कुत्री, इडली विकणारी बाई आणि फुटपाथवर राहणारी माणसे यांचा दिवस कसा उलगडतो, हे त्यांनी तेथूनच न्याहाळले आणि त्यातून 2004 साली प्रसिद्ध झालेला ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह आकाराला आला. त्याच वर्षी ते गेले. वेसाइड इन त्याआधीच बंद झाले होते. एक खिडकी, एक ठरलेला वार आणि उठवून न लावणारा मालक एवढ्या गोष्टी जुळून आल्या नसत्या तर या कवितांचे रूप काय झाले असते हे सांगता येणार नाही, पण त्या अशा झाल्या नसत्या हे निश्चित. थोड्याच अंतरावर जहांगीर कलादालनातल्या ‘समोवार’ या चिंचोळ्या उपाहारगृहाने 1964 पासून 2015 पर्यंत चित्रकार आणि विद्यार्थी यांच्यासाठी हेच काम केले.

या बैठकीत स्त्रिया कोठे होत्या, हा प्रश्न मात्र टाळता येण्यासारखा नाही. इराण्याच्या मुख्य दालनात दुपारच्या वेळी बहुतेक पुरुषच दिसत. स्त्रियांसाठी आणि कुटुंबांसाठी मागच्या बाजूला किंवा पोटमाळ्यावर ‘फॅमिली रूम’ असे, आणि तेथे लाकडी आडोसे आणि पडदे लावलेले असत. ही सोय आदराची म्हणून केलेली होती, आणि घरातून चोरून भेटणाऱ्या प्रेमी जोडप्यांना तिचा आधारही होता. पण दोघी-तिघी मैत्रिणींनी नाक्याकडच्या टेबलाशी बसून रस्ता पाहत चहा प्यावा, ही गोष्ट फार उशिरा सर्वमान्य झाली. महाविद्यालये आणि कचेऱ्या यांतून स्त्रियांची संख्या वाढली तेव्हा पडद्यामागची बाकडी हळूहळू रिकामी पडली. आज या जुन्या जागांत मैत्रिणींचे घोळके निःसंकोच बसलेले दिसतात, आणि या हॉटेलांच्या शंभर वर्षांच्या आयुष्यातली ही सर्वांत आनंदाची घडामोड म्हणायला हवी.

माटुंग्यातल्या हॉटेलांची गोष्ट निराळी आहे. दक्षिण कॅनरातल्या उडुपीहून आलेल्या मंडळींनी मुंबईत जी शाकाहारी हॉटेले काढली त्यांना सरसकट ‘उडपी’ म्हटले जाते. उडुपीच्या कृष्णमठाच्या स्वयंपाकाची शुचिता आणि सात्त्विकता ही त्यांची मूळची ओळख. माटुंगा स्थानकाजवळच्या ए. रामा नायक यांच्या श्रीकृष्ण बोर्डिंगची सुरुवात 1942 ची. केळीच्या पानावर वाढलेले हवे तेवढे जेवण तेथे अजूनही मिळते. कॅफे म्हैसूर 1936 चे, राम आश्रय 1939 चे आणि कॅफे मद्रास 1940 चे. या हॉटेलांचा जीव वेगात आहे. इडली तयार असते, डोसा तव्यावरून थेट ताटलीत येतो, अनोळखी माणसे एकाच टेबलाशी बसवली जातात आणि खाणे संपले की उठायचे असते. रविवारी सकाळी येथे बैठक आतमध्ये नव्हे, तर बाहेर भरते. दारातल्या माणसाकडे नाव आणि किती जण ते लिहून देऊन पदपथावर थांबलेली मित्रमंडळी अर्धा-पाऊण तास ज्या गप्पा मारतात त्याच खऱ्या, आणि आत गेल्यावर रसम वडा व फिल्टर कॉफी यांच्यापुढे बोलणे आपोआप थांबते. इराण्याकडे वेळ विकत मिळत होता, उडप्याकडे नेमकेपणा मिळतो. मुंबईला दोन्हींची गरज होती.

गिरगाव आणि दादर इथल्या मराठी उपाहारगृहांची नावे नीट पाहिली तर त्यांच्या जन्मकाळची एक चिंता त्यांत दडलेली दिसते. दादरचे मामा काणे यांचे ‘स्वच्छ उपाहारगृह’ 1910 चे. तांब्यांचे ‘आरोग्य भुवन’. गिरगावात फणसवाडीतले 1940 चे ‘विनय हेल्थ होम’. स्वच्छता आणि आरोग्य यांची हमी थेट पाटीवर देण्याची गरज वाटली, कारण बाहेरचे खाणे म्हणजे बाधणारे आणि बाटवणारे खाणे ही धास्ती मध्यमवर्गीय घरांत घट्ट होती. घरच्यासारखेच मिळते, हे या जागांचे म्हणणे होते, आणि थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, बटाटेवडा, मिसळ व पीयूष ही त्यांची यादी त्या म्हणण्याला धरूनच होती. पीयूष हे श्रीखंड आणि ताक यांच्यापासून केलेले, जायफळ-केशराचा स्वाद असलेले दाट पेय. ते पेल्यात येते, पण पिण्यापेक्षा खाण्याला जवळचे वाटते. नाटकाचा प्रयोग सुटल्यावर किंवा शिवाजी पार्कला फेरी मारून झाल्यावर येथे येण्याची रीत दादरमध्ये अनेक पिढ्या चालत आली. मासळीच्या जेवणासाठी गिरगावकर खोताच्या वाडीतल्या ‘अनंताश्रमा’त जात, तेथे पंख्याखाली घाम पुसत, फारसे न बोलता माशाची आमटी आणि भात जेवणाऱ्यांच्या रांगा असत. ते आता बंद झाले आहे, आणि त्याची आठवण काढताना जुने गिरगावकर आजही हळवे होतात.

बॅलार्ड इस्टेटमधले 1923 सालचे ‘ब्रिटानिया’ हे या सगळ्यांत वेगळे, कारण तेथे बसण्यापेक्षा जेवण्यालाच महत्त्व आहे आणि ते दुपारपुरतेच. कचेऱ्यांच्या या भागात साहेबलोकांच्या जेवणाची सोय म्हणून ते निघाले. त्याची ओळख झालेला बेरी पुलाव मात्र पुष्कळ पुढचा. इराणात काही काळ नोकरीनिमित्त राहून आलेल्या मालकीणबाईंनी तिथल्या झेरेश्क पुलावाला मुंबईचा मसाला लावून तो घडवला. झेरेश्क म्हणजे डोंगरी झुडपाची लाल, आंबट आणि बारीक फळे; ती वाळवून इराणातून आणली जातात. ताटलीत वरून नुसता भात, तळलेला कांदा आणि ही माणकासारखी फळे दिसतात. चमचा खोल घातला की खालून मसाल्यातले मटण किंवा कोंबडी आणि कबाबाचे गोळे वर येतात. मऊ मांस आणि तिखट रस्सा यांत मधेच एखादे फळ दाताखाली फुटून जी आंबट कळ येते, तिच्यासाठी लोक लांबून येतात. बोमन कोहिनूर हे येथले मालक नव्वदी ओलांडल्यावरही प्रत्येक टेबलाशी जाऊन पाहुण्यांची विचारपूस करीत. 2019 मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी ते वारले. चौघांनी मिळून येथे जावे, दोन पुलाव, एक साली बोटी म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या पसरलेले मटण, आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड असे मधोमध ठेवून वाटून खावे. एकट्याने एवढे संपत नाही आणि एकाच पदार्थावर भागवले तर हुरहुर राहते.

बिल देण्याचीही एक जुनी संहिता आहे. ‘टीटीएमएम’, म्हणजे तू तुझे मी माझे, हे मराठी तरुणांनी घडवलेले लघुरूप महाविद्यालयाच्या कट्ट्यांवर सर्रास चालते आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. एका कपाचे दोन भाग करणारा ‘कटिंग’ चहा हा तर काटकसरीचाच एक स्नेहाळ प्रकार आहे. नोकरदारांच्या पिढीत मात्र एकाने बिल धरायचे, दुसऱ्याने त्याचा हात मागे ओढायचा आणि तिसऱ्याने तोपर्यंत गल्ल्याशी जाऊन पैसे भरून टाकायचे, ही झटापट झाल्याशिवाय उठता येत नसे. ज्याची नोकरी गेली आहे त्याच्यापर्यंत बिल पोचू द्यायचे नाही, आणि आपण पोचू दिले नाही हे त्याला जाणवूही द्यायचे नाही, याची काळजी त्या टेबलांवर न बोलता घेतली जाई. पदार्थ स्वस्त होते म्हणूनच हे शक्य होते; दोन चहा आणि एक मस्का पाव यांचे ओझे कोणाच्याही खिशाला पेलत असे.

एकेकाळी शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेले आता थोडीच उरली आहेत, आणि याचे कारण लोकांची आवड बदलली एवढेच सांगणे पुरेसे होणार नाही. काही मालकांनी मद्याचे परवाने घेऊन बिअर बार काढले. मालकांची मुले शिकून दुसऱ्या व्यवसायांत किंवा परदेशी गेली. जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या तेव्हा भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळाली तरी नाक्यावरचा, दोन रस्त्यांकडे उघडणारा गाळा पुन्हा मिळाला नाही. कमी भाड्यामुळे तगलेली दुकाने, घरमालकाने जबर मोबदला पुढे केला की, त्याच भाड्याच्या हक्कावर पाणी सोडून बंद झाली. अलीकडे, 2025 मध्ये, हवेच्या प्रदूषणामुळे लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेकडे वळण्याचा आदेश मुंबईतल्या बेकऱ्यांना मिळाला. शहराच्या फुप्फुसांसाठी ते योग्यच आहे, पण लहान बेकरीला हा खर्च झेपण्यासाठी हात दिला गेला नाही, तर ब्रूनचा कडक पापुद्रा पुढच्या पिढीला फक्त वर्णनातून कळेल. गंमत अशी की, 2010 साली लंडनमध्ये मुंबईच्या इराणी हॉटेलांच्या धर्तीवर ‘डिशूम’ नावाचे उपाहारगृह निघाले आणि तेथे दारात रांगा लागू लागल्या. आरसे, खुर्च्या, सूचनांची पाटी, सगळे तेथे आहे. एका चहावर तासभर बसू देणारे भाडे मात्र कोणत्याही शहरात नव्याने निर्माण करणे फार अवघड आहे.

तरीही धोबीतलावला 1904 पासूनचे कयानी उभे आहे, कुलाब्यात 1871 सालच्या लिओपोल्डच्या भिंतींवर 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा जपलेल्या आहेत आणि शेजारच्या 1932 च्या मोंडेगारमध्ये मारिओ मिरांडांनी चितारलेली मुंबईची माणसे भिंतींवरून खाली पाहत आहेत. कयानीत लाल चौकड्यांच्या कापडावर काच घातलेली टेबले आहेत, आणि ती बहुधा चौघांपुरतीच आहेत. पण मित्रांची मंडळी मोजून येत नाही. चौघे स्थिरावले की पाचवा येतो, मग कोणीतरी उठून शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला ‘ही घेऊ का?’ असे विचारतो, तो मानेनेच हो म्हणतो, आणि वाकवलेल्या लाकडाची ती हलकी खुर्ची एका हाताने उचलून टेबलाच्या कोपऱ्याशी लावली जाते. पोऱ्या न सांगताच आणखी एक पाण्याचा ग्लास आणून ठेवतो.